मास्तरांचा स्वर्ग

एका माणसाला नरकात पाठवायचं, ही एकच इच्छा मी वयाच्या दहाव्या वर्षापासून मनात धरून होते. माझ्या वयाच्या मुली नाताळला नवा फ्रॉक मागत, परीक्षेत पास कर म्हणत. मी संध्याकाळी घरच्यांबरोबर तेर्साच्या प्रार्थनेला गुडघे टेकले, की माळेचे मणी ओढता ओढता म्हणायचे, ‘देवा, मास्तरांना सोडू नकोस.’ माझी भक्ती त्या काळात फार वाढली होती. आत्याला वाटायचं, पोरगी पुढे सिस्टर होणार.

मास्तर म्हणजे आमच्या गावच्या शाळेतले मास्तर, आणि चर्चचेही तेच. वसईच्या आमच्या पट्ट्यात तेव्हा बऱ्याच गावांत असंच होतं. एकच माणूस आठवडाभर गणित शिकवी, रविवारी धर्मशिक्षण घेई, मयताला प्रार्थना सांगे, भाऊबंदकीत पंच म्हणून बसे. दफनभूमीच्या फाटकाची किल्लीही त्यांच्याच खुंटीला. फादर येत आणि बदली होऊन जात. मास्तर हलत नसत. त्यामुळे देवाच्या मनात काय आहे, ते आमच्या गावाला फादरपेक्षा मास्तरांकडूनच जास्त कळायचं.

नरक त्यांनी आमच्याकडून पाढ्यासारखा घोटून घेतला होता. उन्हाळा संपत आला की भाताच्या रोपांसाठी शेतात पालापाचोळ्याचा राब पेटवत. मास्तर आम्हाला वर्गातून काढून बांधावर रांगेत उभं करायचे. धूर डोळ्यांत जायचा, पायाखालची माती तापलेली असायची.

“ही आग कधी विझेल?”

“दुपारी, मास्तर.”

“आणि तिथली?”

“तिथली विझत नाही, मास्तर.”

“राबाची राख होते. पाप्याची होते का?”

“नाही, मास्तर. पापी जळतच राहतो.”

मग आम्ही घरी जाऊन भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण जेवायचो. खरं सांगायचं तर मला त्या नरकाची भीती कमी आणि कुतूहलच जास्त होतं. तिथं कोण कोण असेल, याचा मी विचार करायचे. पण तोवर माझ्याकडे पाठवण्यासारखं कुणी नव्हतं.

माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी आईला दिवस गेले. दिवस पुरे भरलेले नसताना, एका रणरणत्या दुपारी तिला कळा सुरू झाल्या. बाबा विड्याच्या पानांच्या करंड्या घेऊन स्टेशनला गेले होते. शेजारीण सुईणीला आणायला धावली. घरात आत्या, आई आणि दाराशी मी. आईच्या घशाला कोरड पडत होती म्हणून आत्यानं शहाळं फोडून तिला घोट घोट पाजलं होतं. उरलेलं शहाळं तिथंच, खाटेच्या पायाशी टेकवून ठेवलं होतं.

सुईण पोचायच्या आत बाळ आलं. मुलगा होता. निळा पडलेला. एकदा बारीक कण्हला आणि त्याची मान कलंडली.

मरणाच्या दारातल्या बाळाला बाप्तिस्मा द्यायला फादरच हवेत असं नसतं. बाप्तिस्मा म्हणजे मूल देवाचं करून घेण्याचा विधी; अडचणीच्या वेळी तो कुणीही करावा, डोक्यावर पाणी ओतावं आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावानं तुला बाप्तिस्मा देते, असं म्हणावं. हे आमच्या गावच्या प्रत्येक बाईला पाठ होतं, आणि पाठ करून घेतलं होतं मास्तरांनीच. पाण्याचा हंडा पडवीत होता. आत्या उठली असती, पडवीत जाऊन आली असती, तर बाळ तेवढं थांबलं असतं की नाही कोण जाणे. तिचा हात शेजारच्या शहाळ्याकडे गेला. तिनं तेच बाळाच्या डोक्यावर ओतलं आणि शब्द अगदी पुरे, स्पष्ट म्हणाली. मी ऐकले. बाळानं त्यानंतर दोन-चार श्वास घेतले असतील.

आत्या तोंड मिटून गप्प बसली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण आमची आत्या म्हणजे कुणाच्या वाडीतली पडलेली कैरी उचलली तरी कुमसाराला, फादरांपुढे पापं कबूल करताना, सांगणारी बाई. फादर त्या आठवड्यात मुंबईला आजारी होते. बाबा दफनभूमीची किल्ली मागायला मास्तरांकडे निघाले, तेव्हा ती पाठोपाठ गेली आणि मीही तिच्या पदराला धरून गेले. तिला फक्त एवढंच ऐकायचं होतं, की बाय, तू ठीक केलंस. म्हणून तिनं आपणहून सगळं सांगितलं.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. “घरात साधं पाणी नव्हतं?”

“व्हतं, मास्तर. पडवीत.”

“मग बाप्तिस्मा झाला नाही. दूध, ताडी, शहाळं, यांनी बाप्तिस्मा होत नाही. बाळाला आत पुरता येणार नाही.”

बाबांनी त्यांच्यापुढे हात जोडले. माझ्या बाबांना मी कुणापुढे हात जोडताना त्याआधी पाहिलं नव्हतं, चर्च सोडून. मास्तर म्हणाले, “नियम माझा नाही. देवाचा आहे.” आणि किल्ली खुंटीवरच राहिली.

नियमाच्या बाबतीत त्यांचं खरंच होतं, हे मी आज कबूल करते. पण आधीच्या वर्षी आमच्या बावखलावर, म्हणजे वाडीतल्या तळ्यावर, त्यांना पंप लावायचा होता आणि बाबा नाही म्हणाले होते, हेही खरंच होतं. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. त्या दिवशी मास्तरांच्या ओटीवर देवाचा नियम होता आणि मास्तरांचा डूखही होता, आणि दोघांनी मिळून माझ्या भावाला कुंपणाबाहेर काढलं.

भिंतीपलीकडे, चर्चच्या आवारातला पालापाचोळा टाकत तिथं, बाबांनी स्वतः खड्डा खणला. घंटा नाही, प्रार्थना नाही. आत्या सारखी स्वतःच्या थोबाडीत मारून घेत होती. बाबांनी तिचा हात धरला आणि म्हणाले, “पुरे गे.” एवढंच.

एवढ्यावरही मी कदाचित थांबले असते. लहान मुलं विसरतात. पण पुढच्या रविवारी मास्तरांनी आम्हाला धर्मशिक्षणात लिंबो शिकवला, आणि उदाहरण म्हणून आमचंच बाळ घेतलं. “आपल्या गावात परवाच घडलं,” असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा. लिंबो म्हणजे बाप्तिस्मा न झालेल्या बाळांची जागा. तिथं आग नसते, दुःख नसतं. पण देवाचं दर्शनही नसतं. “आणि अशा बाळाची आई पुण्यवान असली, स्वर्गात गेली, तरी तिला तिचं बाळ भेटत नाही. कधीच नाही. म्हणून निष्काळजीपणा करू नये.” सगळा वर्ग माना वळवून माझ्याकडे बघत होता.

मी घरी आले तेव्हा आई अजून खाटेवरच होती. तिला ताप होता, छाती दुधानं दुखत होती. “काय शिकवलं आज?” तिनं रोजच्यासारखं विचारलं. मी सांगितलं. शब्दाला शब्द सांगितलं, पाठांतर चांगलं होतं माझं.

आई भिंतीकडे तोंड करून झोपली. दुधानं तिच्या पोलक्याची पुढची बाजू भिजली होती. त्या क्षणी मला नरकात पाठवायला माणूस मिळाला.

वर्षं गेली. आई वाडीत राबली, तिनं केळी लावली, पानवेली बांधल्या, मला शिकवलं. बाळाबद्दल ती बोलत नसे. पण गावात कुणी गेलं आणि बायका म्हणाल्या, ‘आता ती तिच्या माणसांना भेटली असेल,’ की आईचा चेहरा मिटायचा. सगळ्यांना वर कुणी ना कुणी भेटणार होतं. तिलाच नव्हतं. मरणाचीही तिला काही आशा उरू दिली नव्हती त्या माणसानं. तो मात्र दर रविवारी पहिल्या बाकावर इस्त्रीच्या कोटात बसायचा आणि कोमुन्याला, फादरांच्या हातून पवित्र भाकर घ्यायला, सगळ्यांत आधी उठायचा. मी मागच्या बाकावरून त्याच्या मानेकडे बघत दात-ओठ खायचे.

मी कॉलेजात जाऊ लागले त्या सुमारास आमच्याकडे एक तरुण फादर आले. मराठीत शिकलेले, मोटारसायकलवर फिरणारे, प्रवचनात विनोद करणारे. त्यांनी तरुणांसाठी चर्चा सुरू केल्या. एका रविवारी विषय होता, नरकात कोण जातं. आमच्या गावात एवढी गर्दी फक्त लग्नाच्या जेवणाला व्हायची. मास्तर पहिल्या रांगेत होते, निवृत्त झालेले, पण काठी टेकून ताठ.

फादर म्हणाले, “नरक आहे, असं चर्च शिकवतं. पण अमुक एक माणूस नरकात आहे, असं चर्चनं आजवर कुणाचंही नाव घेऊन सांगितलेलं नाही.”

मी उभी राहिले. “मग सुरुवात करायला काय हरकत आहे, फादर? नाव मी देते.”

हॉल हसला. ज्यांना माहीत होतं ते हसले नाहीत, त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांचे कान लाल झाले. काय गोड वाटलं मला! आज इतक्या वर्षांनंतरही ते कान आठवले की बरं वाटतं.

मास्तर काठीवर भार देऊन उठले. “फादर, तुम्ही लहान आहात. आज म्हणता नरक रिकामा असेल. उद्या म्हणाल लिंबो नाही. मग बाप्तिस्मा कशाला? आम्ही जन्मभर उपास केले, कुमसार केले, ते काय फुकट? चोर आणि साव एकाच पंगतीला बसणार का?”

“बसले तर तुम्हाला वाईट वाटेल का, मास्तर?” फादरांनी हसत विचारलं.

“वाटेल,” मास्तर म्हणाले. मला राग आला तो याचा, की मनातून मला त्यांचंच म्हणणं पटत होतं. मलाही ती पंगत नकोच होती. मला तर त्या पंगतीतून एका माणसाला हाताला धरून उठवायचं होतं.

मग फादर लिंबोबद्दल बोलले. अशा बाळांना चर्च देवाच्या दयेवर सोपवतं. आईबापांची बाप्तिस्म्याची इच्छा असेल तर अशा बाळाच्या अंत्यविधीची प्रार्थनाही आता विधीच्या पुस्तकात आहे, धर्मप्रांताची परवानगी मिळते. मी विचारलं, कधीपासून? फादरांनी सांगितलं. मी मनात हिशेब केला. माझा भाऊ जन्मला, त्याच्या आधीपासून.

म्हणजे ते दार तेव्हाच उघडलेलं होतं. मास्तरांना ठाऊक नसेल तर त्यांनी फादर येईपर्यंत थांबायचं होतं, मुंबईला निरोप धाडायचा होता. ठाऊक असेल, तर बोलायलाच नको.

मी धावत घरी गेले. आई मागच्या दारी वाल सोलत होती. मी सगळं सांगितलं, की बाळ लिंबोत नाही, फादर म्हणतात ते देवापाशी आहे. मला वाटलं होतं ती रडेल, मला जवळ घेईल.

“हा फादर चांगला हाय,” ती म्हणाली. “पन मास्तर म्हनले तवा माझा पोर लिंबोत गेला, आनि फादर म्हनले तवा वर गेला? पोर काय ह्यांच्या जिभेवर बसलाय?” आणि ती पुन्हा वाल सोलू लागली. तिला ते खोटं वाटत नव्हतं, पण तिचा त्यावर विश्वासही बसत नव्हता. इतकी वर्षं बाळ भेटणार नाही असं धरून ती जगली होती, ते एका चर्चेनं कसं सुटावं? मला मास्तरांचा आणखीच संताप आला.

आणि मग मास्तर अंथरुणाला खिळले. पोटाचं काहीतरी होतं. पोट फुगत गेलं आणि बाकीचा माणूस वाळत गेला. त्यांना बघायला लोक जायचे आणि येऊन च्च च्च करायचे. मी आरशासमोर केस विंचरताना गाणं म्हणायचे.

आमच्या गावात एक रीत होती. शेवटचं पवित्र तेल लावून घेण्याआधी आजारी माणूस ज्यांच्याशी वाकडं आलं असेल त्यांना बोलावून घ्यायचा आणि सगळ्यांदेखत माफी मागायचा. एकानं जरी माफी नाकारली तर जीव अडकतो, असं म्हणत. मास्तर तर शाळेत आम्हाला शिकवायचे, की माफीवाचून गेलेला माणूस देवाच्या दारात जाऊन परत फिरतो. आता त्यांच्या ओटीवर रांग लागली. ज्यांना छड्या मारल्या ते आले, ज्यांच्या वाटण्या केल्या ते आले. सगळ्यांनी माफी दिली. सर्वांत शेवटी त्यांची सून आमच्या दारात आली आणि आईला म्हणाली, “बाबा बोलावतात.”

बाबा वाडीत निघून गेले. आत्या म्हणाली, “जा गे. माफी नाय दिली तर पाप आपल्याला लागंल.”

मी म्हणाले, “जाऊ नकोस आई. त्यांनीच शिकवलंय ना, माफी नसली की काय होतं? आता तुझ्या हातात आहे. फक्त घरी बसून राहा.” इतकी वर्षं मी देवाकडे जे मागत होते, ते आईच्या एका नकारावर येऊन ठेपलं होतं.

आईनं हात धुतले, चर्चला जायचं लुगडं नेसली आणि मला म्हणाली, “चल.”

मास्तरांच्या माजघरात पाच-सहा बाया माळ ओढत बसल्या होत्या. तरुण फादर तेलाची कुपी घेऊन कोपऱ्यात उभे होते. मास्तरांचे डोळे पिवळेजर्द झाले होते. आई खाटेजवळच्या स्टुलावर बसली. त्यांनी हात जोडले.

“बाय, मला क्षमा कर. त्या वेळी मी कठोर झालो.”

कठोर झालो, म्हणाले. चुकलो नाही म्हणाले. मी आईकडे पाहिलं. तिनंही ते ऐकलं होतं.

“मास्तर,” आई म्हणाली, “तुमी आता कुठं जानार?”

ते गोंधळले. “देवाची दया असेल तर... स्वर्गात.”

“आनि माझा पोर कुठं हाय?”

बायांच्या माळा थांबल्या. मास्तरांनी फादरांकडे पाहिलं. फादरांनी हळूच मान हलवली, म्हणा, म्हणा, अशी. मास्तरांचे ओठ हलले. “शास्त्राप्रमाणे...” ते म्हणाले आणि तिथंच थांबले. तो स्वर्गात आहे म्हणावं तर त्याला भिंतीबाहेर का टाकला? नाही म्हणावं तर समोर बसलेल्या या बाईकडून माफी कशी घ्यावी? मास्तर घाम पुसू लागले.

आईनं त्यांना फार वेळ तसं ठेवलं नाही.

“माफी हाय तुमाला,” ती म्हणाली. मी ‘आई!’ म्हणून ओरडलेच. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. “नरकात जाऊ नका, मास्तर. तिथं जाऊन माझं काय भलं व्हनार? तुमी स्वर्गातच जा. तिथं माझा पोर हाय. आता मोठा झाला आसंल, तुमाला वळखनार नाय. पयलं त्याच्याकडं जा. त्याला तुमच्या तोंडानं सांगा, तुला भायेर टाकनारा तो मी. मंग तो काय म्हनतो, ते ऐका.”

तिनं अंगठ्यानं त्यांच्या कपाळावर क्रूस काढला, जसा सगळ्यांनी काढला होता. उठली, पदर सारखा केला आणि बाहेर पडली.

वाटेवर मी तिच्याशी भांडले. एवढ्या सहज सोडलंस त्याला, म्हणाले. ती पुढे चालत राहिली. मला कळायला चार दिवस लागले, आणि कळलं ते मास्तरांच्या सुनेकडून. ती विहिरीवर आत्याला सांगत होती, की बाबांना काय झालंय समजत नाही. तेल लावून झालं, माफी झाली, आता शांतपणे डोळे मिटावेत. तर फादर आले की बाबा त्यांचा हात घट्ट धरतात आणि विचारतात, ‘फादर, लिंबो आहे ना? खरं सांगा, आहे ना?’ फादर बिचारे धीर देतात, ‘लिंबोची काळजी सोडा, मास्तर. ते बाळ देवापाशी आहे. तुम्हाला भेटेल.’ की बाबा ओरडतात, तोंड फिरवतात. कोमुन्या नको म्हणतात. अजून नको, अजून नको म्हणतात.

मी भरलेली कळशी कठड्यावर ठेवली आणि मला हसू आवरेना. ज्या माणसानं आम्हाला नरकाची भीती घातली, त्याला माझ्या आईनं स्वर्गाची भीती घातली होती. आता त्यालाच लिंबो हवा होता, जिथं माझा भाऊ कायमचा कोंडलेला असेल आणि त्याची गाठ पडणार नाही. आणि धीर देणारा प्रत्येक माणूस त्याचं भय वाढवत होता. मला त्यांची दया आली का, असं कुणी विचारेल. नाही आली. पुढे शिक्षिका झाले, आजी झाले, तरी आली नाही.

ते पावसाळ्यापर्यंत कसेबसे टिकले. एका सकाळी घंटा वाजली. गाव लोटलं, शेजारच्या गावांतूनही माणसं आली. त्यांना आत, मोठ्या क्रूसाजवळ जागा मिळाली. फादरांनी प्रार्थना म्हटली, की प्रभो, तुझ्या या सेवकाला स्वर्गात घे. मी आयुष्यात कुठलीच प्रार्थना इतक्या मनापासून केली नाही. “आमेन,” मी म्हणाले. शेजारी आईही म्हणाली, चांगली ठणठणीत.

परत येताना चिखल होता. आईनं लुगडं वर खोचलं होतं, चपला हातात घेतल्या होत्या. आमच्या वाडीच्या बेड्याशी, फाटकापाशी, ती थांबली आणि तिनं वर ढगांकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जे मी त्याआधी कुठल्याही मयतानंतर पाहिलं नव्हतं.

“पोचले आसतील आता,” ती म्हणाली. “माझा पोर दारातच उभा आसंल.”